सहाव्या मिनिटाला

चरईत पास्कल किणीच्या दोन खोल्यांत
तीन पियानो पोट उघडं टाकून पडलेले असतात
आणि बसायला एकच स्टूल.
ते मला मिळतं. तो उभ्यानेच ऐकतो.

आधी स्टुडिओची तबकडी.
बाईंनी ती लंडनला वाजवली, एकसष्ट साली,
चार दिवस, चुकला तो तुकडा पुन्हा, पुन्हा.
घासून, पुसून, उन्हात पालथी घातलेली भांडी
तसे सूर.
संथ भाग नऊ मिनिटं चाळीस सेकंद.
मी घड्याळ लावून ऐकतो, बँकेतली सवय.
खोट काढू म्हटलं तर निघत नाही
आणि तेच बोचत राहतं.

मग टेप.
त्याच बाई, तोच भाग, तीन वर्षं आधीची मुंबईतली रात्र.
पहिल्यापासून घाई. डावा हात उजव्याच्या पुढे पळतो,
शाळा सुटल्यावर धाकटा भाऊ पळावा तसा.
कुणीतरी खुर्ची सरकवतं.
सव्वाचार मिनिटांवर एक सूर सरळ चुकतो,
बाई तो झाकत नाहीत,
पुढच्या वळणावर मुद्दाम तिथेच पाय ठेवतात
की ऐकणाऱ्याला वाटावं, वाट हीच होती.
आठ मिनिटं बारा सेकंद.
दीड मिनिट गेलं कुठे, मी एकदा विचारलं.
"हवा दमट होती," पास्कल म्हणाला, "तारांना धीर नव्हता."

हे त्याच्या बापाचं वाक्य.
त्या रात्री पियानो लावला जोकिम किणीने
आणि कार्यक्रमभर विंगेत उभा राहिला,
चावी खिशात, एखादी तार उतरली तर म्हणून.
सहाव्या मिनिटाला, दोन सुरांमधल्या रिकाम्या जागेत
खोकला येतो. कोरडा, अर्धा दाबलेला.
"माझा बापूस."

सभागृहात नऊशे माणसं असतील.
माइक कुठे टांगला होता, कुणाला ठाऊक.
हे मी त्याला अजून म्हटलेलं नाही.
बापाचा दुसरा आवाज त्याच्याकडे नाही;
एक फोटो आहे, त्यातही
त्याचं डोकं पियानोच्या आत.

तबकडीला पंखा फिरत राहतो.
टेपला मात्र, पाच मिनिटं झाली की
तो भिंतीपाशी जाऊन बटण बंद करतो.
पाती थांबायला चाळीस सेकंद लागतात,
त्याने मोजून ठेवलंय.
तलावपाळीकडचे हॉर्न आत येऊ नयेत म्हणून खिडकीही ओढतो.
आम्ही घामाघूम.
माझ्या घशात काही आलंच
तर मी गिळतो.