लादी

आमची रसवंती गांधीबागेत होती, आणि बर्फ
इतवारीच्या कारखान्यातून सायकलीवर मीच आणायचो,
भुसा लावून, पोत्यात गुंडाळून.
मे महिना. डांबर चपलेला धरून ठेवायचं.
दुकानी पोचेस्तोवर लादीचा चौथा हिस्सा
रस्त्यानं पिऊन टाकलेला असायचा.

करवत चालवायचा दसरू निनावे.
डाव्या पायाला तीनच बोटं.
बाकीची दोन, म्हणायचा, रशियाले देऊन आलो.

मागावरचं काम सुटलं तेव्हा त्यानं मुंबई गाठली,
कुठल्याशा कागदावर अंगठा दिला
आणि कोळसा ओढायला जहाजाच्या पोटात उतरला.
तोवर अंबाझरीपेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं.
"कुठी चाललो कोणी सांगे ना.
पीठ होतं, बूट होते, रणगाडे होते,
तारेची भेंडोळी होती.
थंडी वाढत गेली, त्याच्यावरून समजलं का वर चाललो."

छत्तीस जहाजं, दिवे मालवलेली,
आणि दिवस उगवायचंच विसरलेला.
लाट डेकवर आली की परत जात नसे.
दोरावर, साखळीवर, तोफेच्या नळीवर,
जिथं पडेल तिथं गोठून बसे.
"बर्फ भारी असते का हलका, सांग पोट्ट्या?"
मी म्हणायचो, किलोवर आहे.
"वरतं चढला का भारी. जहाज पालथं करते.
म्हून रात्रभर कुऱ्हाडी. फोड, लोट. फोड, लोट.
झोपून उठलं का पुन्हा तेवढाच."

हे सांगताना करवत थांबत नसे.

एकच गोष्ट तो करवत खाली ठेवून सांगे,
तीही मला दोनदाच सांगितली.
बाजूच्या जहाजाला टॉर्पेडो बसला. पाण्यात माणसं.
प्रत्येकाच्या छातीवर बारीक लाल दिवा,
कार्तिकात नदीत सोडतात तसा.
त्यात सिल्हेटचा मोबारक,
बंदरात याच्याबरोबर एका ताटलीत जेवलेला.
हुकूम असा की ताफा थांबत नाही.
एकासाठी थांबलं की पस्तीस जातात.
"हिशेब बरोबर होता," दसरू म्हणायचा.
"मी हिशेबाले काही म्हनत नाही."
आणि करवत उचलायचा.

मयतीसाठी लादी मागायला कोणी आलं,
मुलगा भिलाईहून निघालाय, तोवर ठेवायचंय,
की दसरू पैसे घेत नसे.
मालक दर वेळी ओरडे, पगारातून कापे.
हा स्वतः हातगाडी लोटत जायचा,
खाटेखाली लाद्या रचायचा,
आणि मुलगा येईस्तोवर
त्या अनोळखी घराच्या ओट्यावर बसायचा.
मी एकदा विचारलं, तुमचं इथं काय?
"लोक थांबले आहेत ना," म्हणाला. "पाहून राहिलो."

एक्क्याऐंशीच्या मेमध्ये तो गेला. पारा पंचेचाळीसवर.
येणारं कोणीच नव्हतं.
कारखान्यातले म्हणाले, मग उशीर कशाला.
मी काही न बोलता सायकल काढली,
दोन लाद्या आणल्या, भुसा धुऊन.

संध्याकाळच्या गाडीपर्यंत आम्ही पाच जण बसून राहिलो.
कोणती गाडी, कुणी विचारलं नाही.
खाटेखालचं पाणी ओट्यावरून हळूहळू उतरत आलं,
मालकानं आपल्या चपला उचलून
मांडीवर घेतल्या.