तीन किलो शिल्लक

चौतीस वर्षं उपकेंद्रात बाळं तोलली.
झोळी, आकडा, स्प्रिंगचा काटा.
अडीच किलोच्या खाली लाल पेन.
तोच काटा आता फणसाच्या फांदीला टांगून
तोलते आहे
तवा, कुकर, गादीची वळकटी,
मुरारीची पान्ह्यांची पिशवी.

पिकअप जुनी, चार दारांची, मागचा हौदा आखूड.
आरसी बुकात छापलंय: एकूण पंचवीसशे दहा.
डिझेल भरून नुसती उभी राहिली तरी
अठराशे पंचेचाळीस.
उरलेल्या सहाशे पासष्टात
आम्ही दोघं, घर,
आणि निवृत्तीनंतरचा सगळा रस्ता.

घर बांधलं साखरी नाट्याच्या अश्फाक सोलकरनं.
आयुष्यभर होड्या केल्या त्यानं,
चाकं असलेली ही पहिलीच.
मुरारी म्हणाला, लोखंडी अँगल घाल, मजबूत हवं.
त्यानं घातले. मान हलवत घातले.
साठ लिटरची टाकी बघून मात्र हसला:
"आमच्यात पाणी वजन उचलतं, बाई.
तुमच्यात पाणीच वजन.
आणि इतकी मागं नको, पुढची चाकं तरंगतील.
नाळेकडं घ्या."
नाळ म्हणजे होडीचं तोंड, हे कळायला
मला जरा वेळ लागला.

राजापूरच्या वाटेवर काटा आहे, चिऱ्यांच्या ट्रकांचा.
लाल धुळीत आम्ही रांगेत,
पुढे सतरा थर चिरा, मागे वीस.
खिडकीतल्या पोरानं विचारलं,
"माणसं आत की बाहेर?"
"आतच," मी म्हटलं. "माल तोच आहे."

दोन हजार सहाशे चाळीस.

मुरारी पावती उलटी करून बघत राहिला,
जणू मागच्या बाजूला कमी लिहिलं असेल.
मग म्हणाला, एवढं तेवढं चालतं गं,
ते बघ, दुप्पट भरून जातात.
एवढं तेवढं.
किती आज्या-सासवांकडून ऐकलंय हे, काट्याशेजारी उभ्या राहून!
आमच्याकडची बाळं बारीकच असतात, सिस्टर.
मी त्याला एवढंच सांगितलं,
अणुस्कुऱ्याच्या वळणावर ब्रेक गरम झाला
की त्याला ट्रकवाल्यांची नावं सांग.

परत नाट्याला.
अँगल निघाले, अ‍ॅल्युमिनियमचे पाइप आले: चौऱ्याऐंशी गेले.
ओट्याचा ग्रॅनाइट, मुरारीनं हौसेनं आणलेला, तेवीस.
तो काढताना तो बाहेर जाऊन उभा राहिला.
माझा पाटा-वरवंटा, सतरा.
अश्फाक गाडीखालून म्हणाला,
"पाट्यांवर पाटा कशाला, बाई?
खालचे पाटे आधीच सपाट झालेत."
आम्ही तिघंही हसलो,
तरी मी तो स्वतः उचलला, कुणाला हात लावू दिला नाही.

अजून सहा जास्त.

मुरारीनं चप्पल काढून दाखवली.
मी गादीखालची पिशवी काढली.
त्याला ठाऊक नव्हती ती.
माझ्यापुरत्या उतरवून ठेवलेल्या वह्या:
आईचं नाव, वाडी, तारीख, किलो, ग्रॅम.
जैतापूर, दळे, होळी, माडबन.
काही नावांपुढं एकच वजन, दुसऱ्या महिन्याचा रकाना कोरा.
फांदीला लावल्या. नऊ किलो भरल्या.
इतकी बाळं, आणि नऊ किलो.
अश्फाकच्या बायकोनं, झुलेखानं, काही न विचारता
फळीवर जागा केली.
तिच्या दोघांची पानं त्यातच आहेत.

पंचवीसशे सात.
तीन किलो शिल्लक.
माझ्या हातांना ते वजन न बघताही कळतं,
मान कुठं धरायची तेही.

काट्यावरून उतरून मैलभर गेलो नसू,
मुरारीनं गाडी थांबवली, चार शहाळी घेतली.
मी बघितलं त्याच्याकडे.
"पिऊन टाकू की," म्हणाला, "करवंट्या इथंच."
प्यायलो. करवंट्या माडाखाली ठेवल्या.
"झाली हलकी," म्हणत त्यानं गियर टाकला.
दूध पाजण्याआधी आणि पाजल्यावर
बाळ दोनदा तोलणारी बाई मी,
पोटात गेलेलं काट्यावरून जात नाही
हे मला ठाऊक.
बोलले नाही.
खिडकीची काच खाली केली.