उलटा धा

ग्वाल्हेर, लष्कर, दानाओळी.
इद्रीसभाईंच्या दुकानात
शाई वाळायला ठेवलेल्या पुडीशेजारी
मी फोन धरला. ते म्हणाले, "घे,"
आणि एक धा दिला, मोकळा, घुमता.
मागून भंगारवाल्याची हाक आली ती आलीच.

रात्री लॅपटॉपवर तो धा उलटा केला.
आधी आस.
गल्लीच्या टोकाकडून यावी तशी
फुगत, जवळ येत,
आणि थाप पडायच्या क्षणी
कात्रीने कापल्यासारखं सगळं बंद.
भंगारवाला कुठल्या देशाचा झाला कोण जाणे.

तीन तास गेले तो बसवण्यात:
शेपूट पुढे, डोकं समेवर.
केसभर मागे राहिला तरी
पायरी चुकल्यासारखं होतं.

सकाळी इद्रीसभाईंना हेडफोन दिला.
एकाच कानाला लावला त्यांनी,
दुसऱ्या हातात हातोडी तशीच.
"पुन्हा लाव."
मग स्वतःच्या पंजाकडे बघत म्हणाले,
"यात मी मारत नाहीये रे.
हात उचलून घेतोय."

तो सुरुवातीचा "घे" कापायचा राहिला.
आता सम होऊन गेल्यावर
कोणीतरी हळूच "एघ" म्हणतं.
ठेवलाय तसाच.