आग, इतर

कोट टांगलेत वाळत. त्यांच्यावरचा बर्फ
ठिबकतोय सिमेंटवर, आणि ओयेन,
आमच्यातला सगळ्यात नवा, एका डोळ्याने जागा,
यादीतला पहिलाच आकडा दाबतो:
शंभर. आग, इतर.

थांब, म्हणते मी. इतर म्हणजे काय रे?
बाईला नाव आहे, आइली कोस्केला.
घराला रंग होता, आतून पिवळा.
आग सौनाच्या चिमणीत राहिली असती
तर एकशे चौदा, आणि आपण अंथरुणात.
पण तूच फोडलीस ना ती फळी?
वाशावर काळी जीभ फिरलेली
तुझ्याच दिव्यात दिसली ना?
मग ती घराची आग. एकशे अकरा.
एक वासा पुरतो आकडा बदलायला.

तो खोडतो. लिहितो.
हाक आली दोन सतराला, पोचलो दोन एकोणतीसला.
"सव्वीस टाकू? बरं दिसेल."
बरं दिसायला आपण काय लग्नाला गेलो होतो?
फाटकात खनिजाची मालगाडी आडवी होती,
एकशे दहा डबे, मी मोजले,
दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.
ती तीन मिनिटं तू खिशात घातलीस
तर गाडी पुढच्या हिवाळ्यातही
तिथेच उभी राहील, आणि कागद म्हणेल
सगळं वेळेवर होतं.

पुढचा रकाना. धुराचा अलार्म होता का?
तो यू दाबतो. माहीत नाही.
माझा हात त्याच्या मनगटावर.

हे यू मला ओळखीचं आहे.
बावीस वर्षांपूर्वी पेल्टोंच्या घरी
मीही दाबलं होतं, कारण अज्ञात म्हणून.
पहाटेचे पाच, बोटं बधिर, वेळ मारून नेली.
पाहिला होता मी तो हीटर, कुशीवर पडलेला,
वायर जिथे आत शिरते तिथे वितळलेला.
पुढे दोन वर्षांनी कुणीतरी तसले हीटर मोजले,
सात भरले, मग दुकानांतून परत मागवले.
माझा आठवा होता. की पहिला?
कुणाला कळणार, मी लिहिलाच नाही.
पेल्टो वाचले होते सगळे.
म्हणून तर मी झोपू शकते. बहुतेक.

उजाडल्यावर दोघं परत गेलो.
उणे सव्वीस. नळीचं पाणी पायऱ्यांवर
काचेसारखं थिजलेलं, त्यात एक चप्पल.
बोळातलं छत शाबूत होतं,
आणि तिथे तो, पांढऱ्याचा पिवळा पडलेला,
झाकण उघडं, आत दोन तारा,
बॅटरीच्या जागी कोळ्याचं घर.

आइली शेजाऱ्यांकडे होती, ब्लँकेटमध्ये,
हातात गार झालेली कॉफी.
"रेडिओत घातली," ती म्हणाली,
जशी चोरी कबूल करावी.
"टॉइवो गेल्यापासून बंद करत नाही तो.
दुकान अकरा मैलांवर, त्यात हे बर्फ."
मग ओयेनकडे बघून:
"माझ्यावर केस होईल का?"
"नाही," म्हणाला तो, आणि कानापर्यंत लाल झाला.

स्टेशनात त्याने स्वतःच भरलं:
अलार्म होता. वाजला नाही. बॅटरी काढलेली.
तीन आकडे. मी काही बोलले नाही.
मग वर्णनाच्या मोकळ्या चौकटीपाशी अडला.
"रेडिओचं लिहू? त्याला आकडा नाही."
आकडा नाही म्हणूनच ती चौकट आहे, म्हटलं.

बराच वेळ तो टकटकत बसला.
मी डोकावले नाही, नंतर वाचलं.
स्पेलिंगच्या चार चुका, मालगाडी होती,
चप्पल उगाच होती, ती राहू दिली,
आणि शेवटी एवढंच:
राहणारीला बॅटऱ्या हव्यात. दोन. एक रेडिओसाठी.

खाली सही केली मी.
ओयेन आपल्या कपाटात काहीतरी हुडकत होता,
टॉर्च उघडी, तिची मागची टोपी तोंडात धरलेली.
"नऊ व्होल्टची लागते," मी म्हटलं.
"चौकोनी."