कलम सात

तिसऱ्या दिवशीही आम्ही कलम सातवरच.
परसोडीचा आयटी पार्क, बाहेर सेहेचाळीस,
कूलरच्या ओल्या खसाचा वास,
आणि पुण्याच्या वकीलबाई 'अनन्य' या शब्दाखाली
रेघ ओढतात, खोडतात, पुन्हा ओढतात.

आमचं सॉफ्टवेअर छोटंच.
कळमन्यात संत्र्याचे ढीग मोजतं,
आडत्याच्या न् बागवाल्याच्या वजनात फरक पडला की लाल होतं.
सहा जणांनी लिहिलं, चार घरांत.
कुणी कुणाला पावती दिली नाही.

"ही ओळ कुणाची?"
दोनशे बारावी. वर टीप:
हे काऊन चालते माहीत नाही. हात लावू नका बे.
पराते माझ्याकडे बघतो,
मी पोह्यांवर थिजलेल्या तर्रीकडे.

ओळ जुनैदची. कामठीचा.
दोन वर्षांपूर्वी गेला, पैशावरून नाही,
पहिल्या पानावर मी त्याचं नाव टाकलं नव्हतं.
हे मसुद्यात कुठेच नाही.

फोन लावला. मागे वेल्डिंगचा चरचराट.
वकीलबाईंनी वाचलं:
परवाना, उपपरवाना, वारसांसह, कायमस्वरूपी.
तो म्हणाला, "वापरा ना. विका. सुधरवा, जमलं तर.
टीप तेवढी काढू नका.
अन् खाली माझं नाव टाका, नीट."

सात-अ.
'सदर पक्ष', 'उपरोक्त', 'अबाधित' —
चार ओळी झाल्या,
'नीट' कुठे बसेना.

मी त्याला काही म्हणणार होते,
तेवढ्यात लाइट गेली.
कूलर थांबला,
आणि खोलीभर
त्याचं वेल्डिंग ऐकू यायला लागलं.