गुरुवारचं गिऱ्हाईक

सोहारच्या आमच्या औषधांच्या दुकानात
दर गुरुवारी, इशाची नमाज आटोपून
दिलावर परकार येतो.
छातीत जळजळ, म्हणतो. त्याच गोळ्या द्या.
देते मी.

जळजळ खरी. रिपोर्ट साफ.
खोलीत सहा खाटा, नऊ माणसं;
पाळी बदलली की
दुसऱ्याची गादी गार व्हायच्या आत झोपायचं.
फोरमन नंबराने हाक मारतो.
घरून फोनवर विचारतात,
पैसे पोचले रे, तू कसा आहेस,
एका दमात,
आणि तो पहिल्याचं तेवढं बोलतो.

ह्यावर गोळी नाही.
सगळी फडताळं पालथी घातली तरी.

परवा ओव्हरटाइम बंद झाला
आणि तो रविवारीच आला.
सुटे बैसा मोजत राहिला, पुन्हा पुन्हा.
मी सहज म्हटलं,
दापोलीला यंदा कोकमं कशी?

अर्धा तास बोलला.
आईचं सांदण, होडीचा निळा रंग,
भावाशी तुटलेलं बोलणं (त्यावर बराच वेळ),
मधेच मुलीच्या दुधाच्या दाताचं काहीतरी.
मागे एक पेशावरी म्हातारा खोकत उभा होता,
भाषा न कळता
तोही ऐकत राहिला.

जाताना गोळ्या घेतल्याच त्याने.
पैसे द्यायचे विसरला.
तीनशे बैसा.
वहीत मांडले नाहीत मी.