अकरा आणि चौदा

पालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर
भिंतीला नवी मुंबईचा नकाशा, त्यावर लाल टाचण्या.
माझं काम रेघा ओढायचं:
कुणाकडून कुणाला.

नऊकडून अकराला, सोपं होतं.
कांदा-बटाटा मार्केट, एकाच गाळ्यातल्या गोणी,
एकाच पिंपातलं पाणी.
अकरा म्हणजे धोंडिबा ढवळे, वय त्रेपन्न, माथाडी,
गाव जावळीत, मुक्काम तुर्भे स्टोअर.

चौदा मात्र सानपाड्यात,
कुमुदिनी टिपणीस, निवृत्त शिक्षिका.
गुडघे गेलेले, जिना शेवटचा दिवाळीत उतरलेल्या.
दूध दोरीच्या टोपलीतून वर, पेपर बंद.
"माझ्याकडे कोण येणार, बाई?"

पुण्याहून प्रयोगशाळेचा कागद आला:
विषाणूच्या तीस हजार अक्षरांत एकच बदललेलं,
अकरात आणि चौदात तेच,
बाकी कुणातच नाही.
मी दोघांच्या मध्ये एक कोरं वर्तुळ काढलं.

आठ दिवस त्या वर्तुळात माणसं बसवून पाहिली.
गॅसवाला. मीटर बघणारा.
एक भाचा, जो खरं तर नाशकात अडकलेला.
कुणीच मावेना.
ढवळ्यांना विचारलं तर आधी नुसता खोकला,
मग, "न्हाई. कुनाकडंच न्हाई."

मग हॉस्पिटलातून दाखल-फॉर्मची प्रत आली.
माथाडी मंडळाच्या सगळ्या कागदांवर त्यांचा अंगठा,
इथे सही.
एकेक अक्षर गोणी उतरवावी तसं ठेवलेलं,
आणि ळ डावीकडे कललेला.

टिपणीसबाईंना चौथा फोन.
बराच वेळ बोलल्या नाहीत.
"सोसायटीत गोण्या टाकायला आला होता मागे,
पावती उलटी धरून उभा.
तेव्हापासून दर मंगळवारी, अंधार पडल्यावर.
कुणाला सांगणार नाही, असा शब्द दिला होता मी.
सगळं बंद झालं तरी एकदा आलाच,
म्हणाला, आडनाव तेवढं पुरं करू."

वर्तुळ खोडलं. रबराखाली नकाशाही खरवडला,
सायन-पनवेल रस्त्याचा बोटभर तुकडा गेला.
फॉर्मवर नात्याचा रकाना:
कुटुंब, शेजार, कामावरचे, इतर.
'इतर'वर खूण केली.

फोन ठेवण्याआधी बाईंनी विचारलं;
ताप किती, श्वास कसा, यातलं काहीच नाही,
विचारलं,
"ळ कुठे कललाय?"

डावीकडे, म्हटलं.

"हं," म्हणाल्या, "अजून डावीकडेच,"
आणि रिसीव्हर तोंडापासून दूर धरून
खोकल्या.